तांबड्या बाण्याचं घोंगडं

बोरजाईच्या माळावर, गावाच्या हद्दीबाहेर, खडकात कोरलेलं एक कुंड आहे. पाणी आटलं तरी कड तांबडीच राहते. घासून जात नाही, उन्हाने फिकी पडत नाही. पाहुणे आले की गावातल्या भागूबाई कोकरे त्यांना आधी देवळात नव्हे, या कुंडापाशी आणतात. देवळातले पुजारी सांगतात की बिरोबाने इथे भाला धुतला. भागूबाई त्यावर एवढंच म्हणतात, "त्यानला काय, देवाच्या नावावर समदं खपतंय." आणि मग सांगायला लागतात.

असे सांगतात की पूर्वी हे कुंड कातडी कमावणाऱ्यांचं होतं. बाभळीची साल भिजत घालायची, त्यात कातडं मुरवायचं. गावाला चपला हव्या असत, मोट हवी असे. कुंडाची सावली मात्र नको असे. त्या काळी धुरपदा नावाच्या धनगरणीच्या घरात येसू सून म्हणून आली. पोरगी कामाला चपळ होती. खोट एकच, ती डावरी होती.

तशी ती खोट कुणाच्या लक्षात आली नसती. पण धनगराच्या घरात सुनेची पहिली ओळख टकळीवर होते. येसू टकळी डाव्या चिमटीत धरून फिरवी. उजव्या हाताच्या बायकांची टकळी एका अंगाने फिरे, हिची दुसऱ्या अंगाने. दोन्ही सुतं दिसायला सारखीच, फक्त पीळ उलटा. येसूने कातलेली लड बाकीच्या लडींत मिसळली आणि सगळी लोकर घोंगडी विणणाऱ्या सायबू सणगराच्या मागावर गेली.

दुसऱ्याच दिवशी सायबू तणतणत दारात आला. "धुरपदाबाई, सूत दिलंय का वाळू? जोडावं तिथं सुटतंय. सबंध उभा ताणा वाया गेला माझा!"

धुरपदाने जोड हातात घेऊन पाहिला तर तसंच होतं. उजव्या पिळाला डावा पीळ जोडला की दोघे एकमेकांना उलगडत आणि धागा भुसा होऊन हातात येई. तिला कारण कळायला वेळ लागला नाही. कारण अंगणातच बसलं होतं.

"डावं सूत घरात आणलंस व्हय गं? आईनं हात धरायला शिकवला न्हाई?"

तेव्हापासून येसूचा डावा हात लुगड्याच्या पट्टीने पाठीशी बांधला जाऊ लागला. उजव्याने शीक, नाहीतर बिरोबाची जत्रा झाली की माहेरी पोचवते, असं सासूने गावादेखत सांगितलं. येसूने उजव्याने प्रयत्न केला. सूत कुठे केसासारखं, कुठे गांडुळासारखं. तिचा नवरा मायाप्पा मेंढरांमागे रानात होता. असता तरी बोलला असता असं भागूबाईंना वाटत नाही.

घरी राहिलेली मेंढरं पाण्यावर न्यायची पाळी आली की पट्टी सुटे. मग माळावर येसू पुन्हा डाव्या हाताने कातायला बसे. आपलंच सूत आपल्याच सुताला जोडून तिने ताणून पाहिलं. तुटलं नाही. आणखी ताणलं. तरी नाही. म्हणजे सूत वाईट नव्हतं, फक्त शेजार चुकला होता. हे तिला कळलं, आणि हे सांगायचं कुणाला, हेही कळलं: कुणालाच नाही. मग येसू लोकर न धुता, लोकरीच्या अंगच्या तेलकटपणासह कातू लागली, म्हणजे धागा चिमटीतून एकसारखा सरके. कातायच्या लोकरीचा पेळू पातळ वळी, टकळी लांब सोडी. असं सूत साठत गेलं.

ते धुरपदाला सापडलं. जाळायचं तर लोकर जाळणं पाप. पुन्हा घरच्या सुतात मिसळू नये म्हणून तिने सगळ्या लडी उचलल्या आणि कातड्याच्या कुंडात टाकल्या. "आता वळखू यील," ती म्हणाली. "बाटकं सूत कोण हातात धरतंय?"

येसू कुंडापाशी गेली. लडी बाहेर काढल्या तर पांढरी लोकर तांबडी झाली होती, पण ठिपक्याठिपक्यांनी. लड जिथे आवळून बांधली होती तिथे रंग शिरलाच नव्हता. तिने गाठी सैल केल्या, ताजी साल कुटून टाकली, लडी पुन्हा बुडवून हाताने फिरवत राहिली. मावळतीच्या उन्हातल्या मातीचा रंग सगळीकडे सारखा बसला. सासूने डाग म्हणून लावलेला रंग तिने नीट करून घेतला. तिच्या मनात सूड होता की नुसती हौस, ते आख्यायिका सांगत नाही.

त्या साली कळपांत रोग आला, लोकर कमी पडली. दर जत्रेला बिरोबाला वाहायच्या घोंगड्याचा काळा ताणा सायबूने मागावर चढवला होता, पण आडव्या बाण्याला सूत नव्हतं. जत्रा तोंडावर. तो पुन्हा दारात आला, या खेपेला हळू आवाजात, आणि धुरपदाकडे न पाहता येसूला म्हणाला, "पोरी, ते तांबडं सूत हाय का गं अजून?"

घोंगडं विणून, भिजवून, पायांनी तुडवून घट्ट केलं आणि देवळात आणलं तेव्हा पुजारी उठून उभे राहिले. "कातड्याच्या कुंडातलं? आणि डाव्या हाताचं? देवाला?"

"आधी पाणी वता," सायबू म्हणाला. "मग देवाचं बघू."

देवाच्या घोंगड्याची परीक्षा ठरलेली होती. चौघांनी चार टोकं धरायची, मध्ये घागर ओतायची आणि ओवी संपेपर्यंत पाणी थोपवायचं. दरसाल ओवी अर्ध्यात असतानाच खाली थेंब पडत आणि दरसाल पुजारी तिकडे बघत नसत. या साली ओवी संपली. पुन्हा म्हटली. धरणाऱ्यांचे हात भरून आले, शेवटी पाणी कलंडून ओतावं लागलं. उभा पीळ एका अंगाचा, आडवा दुसऱ्या अंगाचा. तुडवताना लोकरीत लोकर अशी रुतली की फट राहिली नाही.

"बिरोबाची कृपा!" पुजारी म्हणाले.

"पुढच्या साली दुप्पट सूत लागंल बघ पोरी," सायबू म्हणाला.

"म्या कुठं असणार मामा," येसू सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाली. "जत्रा झाली की मला माहेरी पोचवायचं ठरलंय."

सगळा गाव धुरपदाकडे वळला.

"कोण म्हणतंय?" धुरपदा डाफरली. "मग मेंढरं काय मी एकली हाकू?"

माफी म्हणतात ती एवढीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणे, धुरपदाने अंगणात घोंगडं अंथरलं, त्यावर टकळी ठेवली, सुनेला हाक मारली आणि हात बांधायची पट्टी न काढता, मागे वळून न बघता घरात निघून गेली.

आजही बोरजाईच्या माळावर नवी सून आली की सासू टकळी तिच्या हातात देत नाही, अंथरलेल्या घोंगड्यावर ठेवते. सुनेने ती उजव्या हाताने उचलली तर तिचं सूत ताण्याला जातं, डाव्याने उचलली तर बाण्याला. आणि उचलताना बघायला सासूने अंगणात थांबायचं नसतं.