किण्वाचा रांजणखळगा

“हे वाटून टाकलं की संपलं. मग वर गेल्यावर सासूबाईंना काय तोंड दाखवू?” धानाईने मडकं छातीशी आणखी आवळलं.

“पोरं पेज ओकतायत, जाऊबाई. हे नुसतं बघत बसलात, तरी कोणतं तोंड दाखवाल?” धाकटी साळू म्हणाली.

आमच्या गावाखाली नदीच्या कातळात जो मोठा रांजणखळगा आहे, त्याच्या काठावर हे भांडण झालं, असं सांगतात. शिकलेली मंडळी आंबण्याला किण्वन म्हणतात. म्हणोत. त्यातला किण्व हा शब्द फार जुना, संस्कृतातला. अन्न आंबवणाऱ्या बीजाचं ते नाव. पोथ्यांत तो निजला असेल, आमच्याकडे मडक्यात जागा होता. मरताना सासूने ते मडकं धानाईच्या ओंजळीत ठेवलं आणि कानात त्याचं नाव सांगितलं, म्हणे. “हे किण्व. याला मरू देऊ नको.”

त्या दुष्काळात नदी आटली, घरोघरची आंबवणं सुकली. लोक रानातलं कडू बी शिजवत; पण आंबवल्यावाचून ती पेज पोटात ठरेना. जिवंत होतं ते धानाईचं मडकं. चिमूट चिमूट पीठ चारून तिने ते जगवलं होतं. नदीपल्याडच्यांशी पाण्यावरून हाडवैर; तेही आले, गावाबरोबर आपलीही पेज धुतलेल्या खळग्यात ओतून काठावर बसले.

साळूने मडक्याला हात घातला. ओढाताणीत ते निसटलं आणि खळग्यात पडून फुटलं. धानाईने सासूला दिलेलं वचन गेलं, पुढे ज्याचं नाव सांगायचं तेच उरलं नाही. तिने खळग्यावर आपली घोंगडी पसरली आणि मढ्यापाशी बसावं तशी बसून राहिली.

पहाटे घोंगडी हलू लागली. वारा तर नव्हता. तिने कड उचलली. आत पेज उकळत होती. खाली विस्तव नाही, कातळ हाताला थंडगार, आणि पेज फसफसत काठोकाठ चढलेली. धानाईचे हात आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात गावातले बाप्ये धावले. “मडकं आमचं. पल्याडला थेंब मिळायचा नाही.” धानाईने पहिला वाडगा पल्याडच्या बाईच्या हाती दिला आणि तिच्या कानात नाव सांगितलं, “हे किण्व.”

आजही दोन्ही काठांच्या बाया वर्षातून एकदा आपापलं आंबवण त्या खळग्यात ओततात आणि मिसळलेलं घरी नेतात. दिवेलागणीनंतर दही-मीठ दाराबाहेर न देणारी घरंसुद्धा किण्व मागणाऱ्याला परत पाठवत नाहीत. कुणी हात आखडलाच, तर त्या पहाटे धानाईने बाप्यांना जे ऐकवलं, तेच त्याला ऐकवतात:

“मी राखलं, तोवर ते मडक्याएवढंच होतं.”