भरल्या तळ्यातली वाम

फार मागची गोष्ट. डोंगरातल्या एका तळ्यात, चिखलात बीळ करून सापासारखी लांब, म्हातारी वाम मासळी राहायची. एकदा बीळ खोल करताना काळ्या चिखलाखाली कधीकाळी उन्हाने भेगाळलेल्या पांढऱ्या मातीचा थर लागला. त्यात माशांचे खवलेच खवले.

ती वर रोहू माशाकडे धावली. "रोहूबा, हे तळं पूर्वी आटलंय, सगळे इथंच मेलेत! ओढा वाहतोय तोवर पोरंबाळं घेऊन नदी गाठ."

"आणि तू गं आजी?"

"मी चिखलात तगते. माझं काय!"

रोहूचं अख्खं गोत गेलं. त्या वर्षी पाऊस असा कोसळला की तळं काठोकाठ भरलं.

बेडूक फिदीफिदी हसला. "झाली ना फजिती? बोलाव की त्यांना!"

वामेच्या तोंडाशी हाक आली होती. तिने ती गिळली.

"तळं आटतं, एवढं चिखल सांगतो रे. कधी, ते नाही सांगत," ती म्हणाली आणि त्या भरल्या पाण्यात एकटीच फिरत राहिली.