चंद्रापासून पंधरा किलोमीटरवर

“...आणि चंद्र पंधरा किलोमीटरवर असताना माघारी फिरायचं? हे कसलं उड्डाण, वस्ताद?”

हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला. शपथेवर सांगतो, गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, एवढंच.

विचारणारा विंग कमांडर मल्हारी देवकर. चांद्रमोहिमेची चार उड्डाणं ठरलेली. पहिल्यात पृथ्वीभोवती फिरायचं, दुसऱ्यात चंद्राला वळसा, चौथ्यात उतरायचं. मल्हारीच्या वाट्याला तिसरं आलं. यान खाली न्यायचं, सगळं तपासायचं आणि न टेकता परत. नकाराचं पत्र त्याच्या खिशात तयार होतं. सोमवारी द्यायचं होतं.

तायाप्पा वस्तादांनी उभा जन्म विहिरी खोदल्या. कॉलेजच्या सुट्ट्यांत मल्हारी त्यांच्याच हाताखाली घमेली उचलायचा.

त्या दिवशी वस्ताद दहा वर्षं बंद पडलेल्या एका विहिरीवर होते. गाळ काढायला दोन गडी काठावर बसलेले. वस्तादांनी मल्हारीच्या हातात दोर दिला. दोराला पेटता कंदील.

“हवा बघ.”

तळाशी हवा वाईट असली तर ज्योत विझते. मग माणूस उतरवायचा नाही.

मल्हारीने दोर सरसर सोडला. कंदील पाण्याला टेकला. अंधार.

“पाण्यानं विझला का हवेनं? सांग की. गडी खोळंबलेत.”

मल्हारीला सांगता येईना. एक गडी हसला, म्हणाला, साहेबांना पाण्याला शिवायची फार घाई. वस्तादांनी नुसतं बघितलं.

कंदील पुन्हा पेटवला. या वेळी मल्हारी वीत वीत दोर सोडत गेला. खाली पाण्यात दुसरी ज्योत दिसली, तिथे त्याने हात थांबवला. वस्तादांनी सावकाश शंभर आकडे मोजले. कंदील वर आला तो जळतच.

दोन्ही गड्यांनी कमरेला दोर बांधले आणि काही न विचारता उतरले.

मल्हारी कंदिलाकडे बघत राहिला...

“पण नाव उतरणाऱ्याचंच होणार ना, वस्ताद?”

उत्तर सांगण्याआधी कबुली देऊन टाकतो. मी तिथे नव्हतो, हे खोटं; त्या दोन गड्यांतला एक मीच. पहिला कंदील मल्हारीने बुडवला, ही माझी भर. तो मी बुडवला होता, आणि बोलणी मीच खाल्ली. मल्हारीने धरला तो दुसरा. पत्र त्याने विहिरीत फेकलं असं मी गावभर सांगत असतो, तेही खोटं. मंगळवारीसुद्धा ते त्याच्या खिशातच होतं. उत्तर मात्र खरं आहे. तळाशी गुडघाभर गाळात उभा राहून मी ते ऐकलंय.

“चाळीस वर्षं विहिरीत उतरतोय, मल्हारी. किती खोल, ते कधी विचारलं नाही. कंदील कुणी सोडला, तेवढंच विचारलं.”