मूळचा दांडा

कोल्हापुरात अण्णाप्पा चौगुले नावाचा एक मिस्त्री राहत होता. मोडक्या जुन्या गाड्या आणायच्या, त्यांना नव्यासारखं करायचं आणि शौकिनांना विकायच्या, हा त्याचा धंदा. हातात कसब होतं, पण नावाला फार जपायचा बिचारा.

एकदा त्याच्या हाती एक इवलीशी विलायती गाडी लागली. दिसायला डबीएवढी, पण एके काळी तिनं घाटातल्या शर्यतींत भल्याभल्यांना धूळ चारलेली! अण्णाप्पानं पत्रा ठोकला, इंजिन बांधलं, लाल रंग चढवला आणि गॅरेजबाहेर पाटी लावली, ‘रॅलीची गाडी विकणे आहे. सगळे पार्ट ओरिजिनल.’

या ‘ओरिजिनल’नंच घात केला. पुढची चाकं वळवणाऱ्या लोखंडी दांड्याला केसाएवढा तडा होता. नवा दांडा घडवणं त्याला अवघड नव्हतं. पण मग गाडी ओरिजिनल कसली? लोक हसतील, नाव जाईल. त्यानं तड्यावर वेल्डिंगचा टाका मारला, वरून काळा रंग फासला आणि मनाला बजावलं, ‘इतकी वर्षं धरलंय, आणखी धरेल.’

गिऱ्हाईक आलं मालविका रणदिवे. हीच गाडी तिच्या वडिलांनी तरुणपणी शर्यतीत पळवली होती. ते आता फोंडा घाटाच्या पायथ्याशी राहत होते.

“आबांच्या दारात नेऊन उभी करायचीय,” ती म्हणाली. “चला मिस्त्री, बसा शेजारी.”

अण्णाप्पा एक पाऊल मागं सरकला. रिवाज त्यानंच पाडलेला होता ना! त्याच्या गॅरेजातली गाडी कुणी घेतली, की पहिला घाट त्यानं गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून उतरायचा. म्हणून तर लोक डोळे झाकून त्याच्याकडं येत.

“ताई, आज जरा पोट बिघडलंय ओ.”

“घाटातली हवा लागली की बरं वाटेल. आणि तुम्ही नसलात तर मी गाडी घेणारच नाही बघा!”

बसला झक मारत.

गाडी फोंडा घाटाच्या उताराला लागली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मालविका आबांच्या शर्यती रंगवून सांगत होती. अण्णाप्पाचे कान मात्र पुढच्या चाकाशी. कुठंतरी कुईं वाजलं.

“काय वाजलं हो?”

“क-काय न्हाई. रबर नवं हाय.”

जोतिबा, एवढा घाट उतरव रे बाबा, पुन्हा असं करणार न्हाई! सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर दोघांचा जीव. तेवढ्यात वळणावर समोरून ट्रक आला. मालविकानं स्टेअरिंग गर्रकन फिरवलं. दांडा करकरला. अण्णाप्पानं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा गाडी रस्त्यावरच होती.

पायथा आला. अण्णाप्पा खाली उतरला. सुटलो रे देवा! आता त्याला टाका चांगला पक्का वाटायला लागला. माणसाचं मन तरी काय लबाड असतं!

आबा काठी टेकत अंगणात आले. बॉनेटवरून हात फिरवताना म्हाताऱ्याचे डोळे भरले. “हीच ती! मालू, चल, घाटात एक चक्कर मारू.”

आणि अण्णाप्पा ज्या जागेवरून उतरला होता, तिथंच ते बसले.

“मिस्त्री, तुम्ही स्वतः बसून उतरलात. आता भीती कसली?” आबा म्हणाले.

अण्णाप्पाला आता उमगलं. घाटात तो थरथरत बसला होता आणि त्याच्या त्या बसण्याचीच हमी झाली होती! इंजिन सुरू झालं. गाडी हलली. तो धावत पुढं गेला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून ओरडला, “थांबा, ताई! दांड्याला तडा हाय!”

मालविका पांढरीफटक पडली. “मग वर का नाही बोललात? मी चालवत होते ना!”

“बोलायचं होतं ओ. अब्रू आडवी आली.”

आबा खाली उतरले. लेकीचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला.

अण्णाप्पानं तिथंच दांडा सोडवला, दगडावर ठेवला आणि हातोडीचा हलका ठोका मारला. टाका तसाच राहिला. त्याच्या शेजारून दांड्याचे दोन तुकडे झाले. मालविकानं ते तुकडे पाहिले, आबांकडं पाहिलं आणि किल्ली अण्णाप्पाच्या हातात ठेवली. तिनं गाडी घेतली नाही.

तात्पर्य: अब्रूसाठी झाकलेल्या दोषावर उद्या दुसऱ्याचा जीव येऊन बसतो, म्हणून लाज वाटली तरी तो आधीच सांगून टाकावा.