शेपटीचा कौल

माळावर शेळ्यांचंच राज्य होतं, त्या काळातली गोष्ट. कुठे चरायचं, कुठे बसायचं, सगळं दाढोबा बोकड ठरवायचा. "आम्हालाही विचारत जा," असा कबरी शेळीने त्याच्यामागे तगादा लावला.

शेवटी दाढोबा वैतागून म्हणाला, "बरं बाई. आजपासून सगळं सगळ्यांना विचारून. ज्यांना मान्य, त्यांची शेपटी वर."

आता शेळीची शेपटी जन्मापासूनच वर. कोवळा पाला दाढोबालाच, मंजूर. दाढोबा जन्मभर प्रमुख, एकमताने मंजूर. कबरीने खूर आपटले, मान हलवली, दोन दिवस शेपटी बाभळीच्या बुंध्याला दाबून धरली. सोडली की परत वर.

तिसऱ्या दिवशी तीच खडकावर चढली. "माझाही एक ठराव. यापुढे दाढोबांनी सगळ्यांच्या मागून चरायचं, उरलंसुरलं खायचं. मान्य असेल त्यांची शेपटी वर."

"मला मुळीच मान्य नाही," दाढोबा गरजला.

"काका, जरा मागे वळून बघा," कबरी म्हणाली.

दाढोबाने वळून बघितलं. त्याचीही शेपटी वरच होती.

दुसऱ्या दिवसापासून माळावर नवी पद्धत आली. ज्याला नको असेल त्याने खाली बसायचं. ही सूचना दाढोबाचीच होती.