अकराव्या पावलाची बाहुली

एकदा एक कातारी होता. लेथवर लाकूड फिरवावे, पटाशीने त्याला आकार द्यावा आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवावा, हे त्याचे काम. त्याच्या हातचे भोवरे, खुळखुळे आणि पांगुळगाडे दूरदूरच्या बाजारांत विकले जात. ते कुणी केले, हे मात्र विकत घेणाऱ्याला ठाऊक नसे. खेळण्यावर कारागिराचे नाव शोधतो कोण? पोराने तोंडात घातले तर रंग सुटणार नाही ना, एवढेच आई पाहते, आणि तिचे बरोबरच असते.

त्याचे नाव लवू. चाळिशी उलटली होती, निम्मे केस पिकले होते, तरी आळीत तो अजून ‘आबांचा चेला’च होता. आबा म्हणजे त्या आळीतले सर्वांत वृद्ध कारागीर. वय ऐंशीच्या पुढे. बोलणे मोजके, आणि जे बोलत तेही माणसाकडे न पाहता हातातल्या लाकडाकडे पाहून. गेली दोन वर्षे त्यांनी लेथला हात लावला नव्हता. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कामातली खोट काढणे एवढाच उद्योग त्यांनी मागे ठेवला होता, आणि तो ते मन लावून करीत.

आता लवूच्या मनात काय सलत होते ते सांगायला हवे, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते. तो पाच वर्षांचा असताना त्याचा बाप वारला. वर्षभराने नातेवाइकांनी आईचे दुसरे लग्न ठरवले, आणि नव्या घरी लवूला जागा नव्हती. आईने त्याला टेकाडावरच्या मामाच्या घरी आणून सोडले. त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि ती उतार उतरून गेली. लवू अंगणाच्या कडेला उभा राहून तिची पावले मोजत होता. त्याला तेव्हा दहापर्यंतच मोजता येत होते. आई दहाच्या पुढे गेली, उताराच्या वळणाला लागली आणि दिसेनाशी झाली. तिने वळून पाहिले नाही.

“वळून बघितलं असतं तर तिचं पाऊल पुढं पडलं नसतं रे,” असे मामा पुढे कितीदा तरी म्हणाला. लवूला ते पटले होते. पण पटल्याने हुरहुर थोडीच थांबते? आई पुन्हा आली नाही, काही वर्षांनी ती गेल्याची बातमीच आली. पस्तीस वर्षांनंतरही कुठे उतार दिसला की लवूची नजर आपोआप त्याच्या टोकाकडे जाई.

या हुरहुरीतून त्याने एक खेळणे शोधून काढले. तिरप्या फळीवर सोडली की एकेक पाय टाकीत, डुलत डुलत उतरणारी बाहुली सगळ्यांनीच पाहिलेली असते. लवूची बाहुलीही तशीच उतरे. पण दहा पावले झाली की अकराव्याला ती थबके, मान वळवून मागे पाही, आणि मग पुन्हा चालू लागे.

यासाठी त्याने तीन वर्षे घालवली. बाहुलीच्या पोटात एक नागमोडी खाच होती आणि खाचेत खैराच्या लाकडाची एक गोळी. बाहुली डुलली की गोळी एकेक वळण पुढे सरके. शेवटच्या वळणावर ती थांबली की तिच्या भाराने एक काडी दबे, आणि काडी मान फिरवी. गोळी पुढे घरंगळली की मान सरळ. सगळी करामत त्या थांबण्यात होती. गोळी पूर्ण गोल असेल तर ती थांबतच नसे. म्हणून लवूने तिला एका बाजूने कानशीवर घासून चपटे केले होते. अस्सल कातारी हे स्वप्नातही करणार नाही. गोल म्हणजे गोल, यातच त्याची सारी अब्रू. लवूलासुद्धा ही युक्ती सुचली ती एक गोळी हातून बिघडली म्हणून.

दार लावून घेऊन तो ती बाहुली सोडी आणि फळीच्या वरच्या टोकाशी उभा राही. बाहुली वळून त्याच्याकडे पाही. त्याला बरे वाटे, आणि लगेच काहीतरी कमीही वाटे. पण ते काय, याचा विचार करायला तो थांबत नसे. हे वळणे आपले आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये, एवढेच त्याच्या मनाने घेतले होते.

म्हणून तो शहरातल्या एका वकीलबाईंकडे गेला. पेटंट काढून देण्यात त्यांचा हातखंडा होता. बाईंनी बाहुली दोनदा चालवून पाहिली आणि म्हणाल्या, “छान आहे हो! अर्ज जाईपर्यंत बाहेर कुणाला दाखवू नका. आणि एक लक्षात ठेवा, लवूभाऊ. कागदात सगळं लिहायचं. तुमच्या धंद्यातल्या जाणकार माणसाला नुसतं वाचून वस्तू करता आली पाहिजे. वीस वर्षं हक्क तुमचा, त्यानंतर ती कुणीही करावी. असा हा सौदा असतो.”

“सगळं म्हणजे अगदी सगळं?”

“अगदी सगळं. लिहून झालं की तुमच्यातल्याच एखाद्या भरवशाच्या माणसाला वाचायला द्या. त्याला जमलं तर समजा कागद पुरा झाला.”

लवूने आठ पाने लिहिली. फळीचा उतार, पायांची लांबी, खाचेची वळणे, काडीची जाडी, काही म्हणता काही सोडले नाही. गोळीपाशी मात्र त्याचा हात अडला. शेवटी त्याने लिहिले, ‘खैराची एक गोळी.’ बस, एवढेच. खोटे तर काही लिहिले नव्हते. वाचणारा जाणकार असेल तर गोळी गोलच करणार, आणि जितका जाणकार तितकी ती अधिक गोल करणार. लवूला आपल्या हुशारीचे हसू आले.

भरवशाचा माणूस म्हणजे आबाच. लवूने कागद त्यांच्या हाती दिले. आबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, घडी करून उशाखाली ठेवले आणि म्हणाले, “आठ दिवसांनी ये.”

“पण आबा, कसं वाटलं ते तरी...”

“आठ दिवस म्हणजे किती, ते येतं ना मोजता?”

दुसऱ्याच दिवशी आळीत कुजबुज सुरू झाली. आबांच्या बंद दाराआडून लेथचा आवाज येत होता! दोन वर्षे ज्यांनी पटाशी धरली नाही, ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काम करीत होते आणि कुणाला आत घेत नव्हते. लवूला शंका आली. म्हातारपणी आबांना नावाची हाव सुटली की काय? ज्यांनी आपल्याला पटाशी धरायला शिकवले, त्यांच्याविषयी असा विचार मनात यावा याची त्याला लाज वाटली, पण विचार काही जाईना. चपटी गोळी लिहिली नाही ते किती बरे झाले, असेही त्याला वाटून गेले.

आठव्या दिवशी दुपारी तो गेला. दार उघडे होते. आबांनी एक लांब फळी तिरपी लावून ठेवली होती, आणि कोनाड्यात सात बाहुल्या ओळीने उभ्या होत्या. लवू पाहतच राहिला. असे देखणे काम त्याच्या हातून सात जन्मांत झाले नसते. आबांनी सातही बाहुल्यांना हिरवी लुगडी रंगवली होती. लवूची आई निघाली तेव्हा तिच्या अंगावर नवे हिरवे लुगडे होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एकदा, ताप चढलेला असताना, त्याने त्या दिवसाचे सगळे आबांना सांगितले होते. त्यांच्या लक्षात असेल असे त्याला वाटले नव्हते.

“इथं उभा राहा,” आबा म्हणाले, आणि त्यांनी त्याला फळीच्या वरच्या टोकाशी उभे केले.

त्यांनी पहिली बाहुली सोडली. ती डुलत डुलत निघाली. लवू नकळत मोजू लागला. नऊ, दहा, अकरा. बाहुलीची मान किंचित थरथरली, पण वळली नाही. ती तशीच चालत खालच्या टोकाशी गेली आणि फळीवरून पलीकडे पडली.

आबांनी दुसरी सोडली. अकराव्या पावलाला तिचीही मान थरथरली, आणि तीही गेली. मग तिसरी. मग चौथी. आबा एकीमागून एक सोडत होते. हिरव्या लुगड्यातली पाठमोरी बाई उतार उतरून जात होती, वळेल वळेल असे वाटत होते आणि ती वळत नव्हती.  पाचवी गेली, सहावी गेली. आबांनी सातवीला हात घातला तेव्हा लवू ओरडला, “पुरे करा, आबा! पुरे!”

आबांनी ती बाहुली हातातच धरली. “तुझ्या कागदाबरहुकूम केलीय. रेघभर इकडची तिकडं केली नाही. सातदा केली, म्हटलं माझाच हात चुकत असेल.” मग ते प्रथमच लवूच्या डोळ्यांत पाहून बोलले. “लवू, तुझी बाहुली वळते, ठाऊक आहे मला. तू आहेस तोवर वळेल. पण तुझ्या मागं उरणार तो हा कागद, आणि कागदातून ह्याच जन्माला येणार. न वळणाऱ्या. तुझ्या आईचा तो एक दिवस तू आठ पानं भरून लिहून ठेवलायस, बाबा. जे तिच्याकडून राहिलं, तेच नेमकं तुझ्याकडून राहिलं.”

लवूने खाली वाकून पडलेल्या बाहुल्या गोळा केल्या.

आबांनी कोनाड्याच्या कोपऱ्यातून एक जुना भोवरा काढला. रंग उडालेला, टोकाची आरी झिजलेली. “हा माझ्या गुरूंचा. त्यांच्या हातचे भोवरे फिरताना गात असत. गुणगुणत नव्हे, गात. आम्ही विचारलं की ते हसायचे. म्हणायचे, सांगेन, घाई काय आहे? एक दिवस शेतावरून येताना वाटेतच गेले. मूठ उघडायची राहून गेली, मुठीबरोबर गाणंही जळलं. हा शेवटचा तेवढा राहिला, आणि आरी झिजल्यावर हाही मुका झाला. साठ वर्षं मी भोवरे केले. एकूणएक उत्तम फिरतात. अजून कुठलाही भोवरा फिरला की कान लावून बघतो मी.” त्यांनी भोवरा पुन्हा कोनाड्यात ठेवला. “पेटंट काढ. नाव लाव, तुझा हक्कच आहे तो. पण वीस वर्षांचा मालक व्हायचं तर आधी मूठ उघडावी लागते. मला त्या माणसाचा राग नाही येत, लवू. नुसती आठवण येते. तुझ्या माघारी कुणाला अशी आठवण यायला नको.”

लवूने त्यांच्या हातातून सातवी बाहुली घेतली. पोट उघडले, गोळी काढली. केवढी गोल होती ती! ऐंशी उलटलेल्या हातांनी केलेली, तरी कुठे तसूभर उणी नाही. त्याने कानस उचलली. आबांच्या कपाळाला आठी पडली. लवूने गोळी एका बाजूने घासली, जागेवर ठेवली, पोट बंद केले, आणि आबांचा हात धरून त्यांना फळीच्या वरच्या टोकाशी आणले.

त्याने बाहुली सोडली. दहा पावले झाली. अकराव्याला बाहुली थबकली आणि तिने मान वळवली.

आबांनी वाकून तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, “गोळी बिघडवलीस होय रे! साठ वर्षांत मला सुचलं नसतं.” आणि ते लहान पोरासारखे हसले.

त्या दिवशी लवूने कागदात एक ओळ घातली. ‘गोळी पूर्ण गोल नसावी. ती एका बाजूने घासून चपटी करावी, म्हणजे ती थांबते आणि बाहुली मागे वळून पाहते.’

पेटंट मिळाले. त्यानंतर दोन पावसाळे पाहून आबा गेले. लवूच्या बाहुलीने नाव काढले, आळीत तिच्यावर चार घरे चालली. वीस वर्षे सरली आणि हक्काची मुदत संपली, तेव्हा लवूखेरीज कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. एकदा उघडलेली मूठ पुन्हा मिटता येत नाही, हे आबा सांगायचे विसरले होते. रिकाम्या हाताची सवय व्हायला वेळ लागतो.

पुढे एकदा तो कुठल्याशा परगावच्या जत्रेत गेला होता. कडेला एक बाई खेळणी मांडून बसली होती. लाकूड वेगळेच, रंग वेगळे, बाहुलीच्या डोक्यावर पदर आणि काखेत घागर. बाईने बाहुली फळीवर सोडली, आणि तिच्या पोटात गोळी सरकल्याचा ओळखीचा आवाज आला. लवू वरच्या टोकाशी उभा होता, इतकी वर्षे सवयच ती.

“हे कुठं शिकलात, बाई?” त्याने विचारले.

“कुठं म्हणजे? माझा भाचा शिकलेला आहे, त्यानं कागद वाचून दाखवला. कुणी तरी सगळं लिहून ठेवलंय बघा, बाबा. गोळी चपटी करायची, तेसुद्धा! एवढं कोण सांगतं हो कुणाला? देवमाणूसच म्हणायचा.”

लवूने आपले नाव सांगितले नाही. बोलण्याच्या नादात बाहुली केव्हाच खाली पोचली होती.

“पुन्हा एकदा सोडाल?” तो म्हणाला.

तिने सोडली. लवू मोजू लागला. आठ, नऊ, दहा. आजवर वळून पाहणाऱ्या बाहुल्या त्याने शेकड्यांनी केल्या होत्या, आणि त्या वळत, कारण त्याने त्यांना वळवलेले असे. हिला त्याचा हात लागलेला नव्हता. ती त्याला ओळखतही नव्हती.

अकराव्या पावलाला ती थबकली, आणि वळून तिने त्याच्याकडे पाहिले.