उजेडपाटीचे त्रेचाळीस नियम

एक होतं रान. रानाला राजा होता, तरस. या राजाला सारखं हसू यायचं. प्रजा पाणी आटल्याचं सांगायला आली तरी तो हसायचा, आणि दरबारात हसण्याची नोंद 'मंजूर' अशी होत असल्यामुळे रानातली सगळी कामं मंजूर होती. झालेली कुणी पाहिली नव्हती, पण मंजूर होती.

या रानात एका जुन्या वारुळामागे सुगंधा नावाची चिचुंद्री राहायची. नावाला हसायचं नाही. आईबापांनी हौसेनं ठेवलं होतं, आणि तिनंही ती हौस पुढे चालवली होती. कस्तुरी, चंदन, वाळा, दवणा आणि सगळ्यात धाकटा केवडा, अशी तिची पाच पोरं. सुगंधा शिकलेली होती. ओढ्यापलीकडच्या कॉलेजात तिनं तीन वर्षं काढली होती. त्यामुळे तिला भीती वाटायची तीसुद्धा मुद्देसूद.

चिचुंद्र्यांची नजर अधू. म्हणून त्यांच्यात एक रीत आहे. बाहेर पडायचं ते रांगेनं. पुढे आई, आईची शेपटी थोरलीच्या दातांत, थोरलीची दुसऱ्याच्या, अशी पार धाकट्यापर्यंत. शेवटच्या केवड्याला ठेच लागली तरी पुढे सुगंधाला आपल्या शेपटीत कळायचं. शाळेत जाताना, येताना, ओढा ओलांडताना ती मागे वळून बघायची नाही. शेपटीला ओढ आहे ना, मग पाचही जण आहेत.

एका सकाळी शिक्षणमंत्री दिवाभीतराव घुबड शाळेच्या वडावर येऊन बसले. खाली अभ्रकाच्या पाट्यांची रास होती. पाटी घासली की ती उजळायची आणि तिच्यात हलती चित्रं दिसायची.

"बंधू-भगिनींनो," दिवाभीतराव म्हणाले, "आजवर या रानात काय होतं?"

"अंधार!" पहिल्या फांदीवरच्या साळुंक्या ओरडल्या. त्यांना तेवढ्यासाठीच आणलं होतं.

"आणि आता?"

"एक पिल्लू, एक पाटी! उजेड पाडू रानासाठी!"

पाट्या फुकट होत्या. फक्त पालकांनी 'विद्यार्थ्यांनी तंत्रज्ञानाच्या करावयाच्या जबाबदार वापराची नियमावली' वाचून तिच्यावर करवंदाच्या रसात बुडवलेल्या शेपटीचा ठसा द्यायचा होता. नियम त्रेचाळीस होते आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होते. सगळ्यांनी रांगेत उभं राहून ठसे दिले. सुगंधा मात्र नियमावली घेऊन खाली बसली आणि वाचायला लागली. मुख्याध्यापक घोरपडे सरांना इतक्या वर्षांत असा अनुभव नव्हता.

"अगं, ठसा मार आणि मोकळी हो," शेजारची खारवहिनी म्हणाली. "आमचा टिल्लू पाटीत बघून दात घासायला शिकला."

"आधी घासत नव्हता?"

"आधीही घासायचा. पण आता बघून घासतो!"

सुगंधा वाचत होती. पाटी अभ्यासासाठीच वापरावी. अभ्यास कशाला म्हणायचं ते समिती ठरवील. पाटीकडे बघताना इकडेतिकडे बघू नये. घरून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत पाटी उजळलेली ठेवावी. पाटीची दोरी सुटू देऊ नये. पाटीमुळे जे काही होईल त्याला विद्यार्थी जबाबदार राहील, विद्यार्थी लहान असल्यास आई.

सगळ्यात शेवटी समितीच्या सह्या होत्या. अध्यक्ष, दिवाभीतराव घुबड. सदस्य, वाघाटीबाई रानमांजर. निमंत्रित तज्ज्ञ, श्री. धामणकर, जे सापांमधले शिक्षणप्रेमी म्हणून ओळखले जात. तिघांनाही लहान मुलांची लहानपणापासून आवड होती.

सुगंधा पालकसभेत उभी राहिली.

"साहेब, एक विचारू? आमची पोरं दोरी हातात धरून चालू शकत नाहीत. तोंडात धरावी लागेल. मग शेपटी कशानं धरायची?"

"ताई, शेपटी धरून चालणं हा मागासलेपणा आहे," दिवाभीतराव मान पूर्ण मागे फिरवून म्हणाले. "उद्याचा विद्यार्थी स्वतःच्या उजेडात चालेल."

"पण संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, झाडीतनं एवढा उजेड घेऊन जायचं म्हणजे... तो उजेड पोरांना दिसावं म्हणून आहे, की पोरं दिसावीत म्हणून?"

वाघाटीबाईंनी मिशी चाटली.

"प्रश्न फार चांगला आहे," दिवाभीतराव म्हणाले. "तो पाटीवरून पाठवा."

"पाटी तर मी घेतलेली नाही."

"मग आधी ठसा द्या."

त्या महिन्यात शेतउंदरांची दोन पोरं शाळेतून घरी पोहोचली नाहीत. चौकशी झाली. चौकशीत आढळलं की घटनेच्या वेळी पाट्या नीट उजळलेल्या होत्या, म्हणजे पाट्यांचा दोष नव्हता. लगेच चव्वेचाळिसावा नियम निघाला: बेपत्ता झालेल्या विद्यार्थ्यानं तीन दिवसांच्या आत स्वतः येऊन पाटी जमा करावी. शिवाय कोणता विद्यार्थी कुठे आहे याच्यावर बारीक लक्ष ठेवता यावं म्हणून समितीच्या तिन्ही सदस्यांना फणसाएवढ्या मोठ्या देखरेखपाट्या देण्यात आल्या. राजेसाहेब हसले.

मग घोरपडे सर स्वतः वारुळामागे आले. जीभ आतबाहेर करत म्हणाले, "सुगंधाताई, माझ्या हातात काही नाही. गुरुवारपर्यंत ठसा आला नाही तर पाचही नावं पटावरून कमी होतील. परीक्षा आता पाटीवरच आहे."

"सर, तुम्ही वाचलेत का हो ते नियम?"

"मी? मी ते वर्गात शिकवतो," सर म्हणाले. "वाचायला वेळ कुठून आणू?"

बुधवारभर सुगंधा बिळात येरझारा घालत होती. ठसा दिला तर शेपटी सुटणार. नाही दिला तर शाळा सुटणार. आपण शिकलो म्हणून चार अक्षरं वाचता आली, म्हणून तर ही भीती कळली; मग पोरांना अडाणी ठेवायचं? गुरुवारी तिनं शेपटी करवंदाच्या रसात बुडवली. ठसा वाकडा आला. घोरपडे सर म्हणाले, चालतो.

शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटली. पाच तोंडांत पाच दोऱ्या आणि पाच उजळलेल्या पाट्या.

"पुढच्याच्या उजेडामागे यायचं. इकडेतिकडे जायचं नाही," सुगंधानं बजावलं. "कळलं का केवड्या?"

"हं," केवडा पाटीत बघत म्हणाला.

रांग निघाली. शेपटीला ओढ नव्हती. जन्मात पहिल्यांदा सुगंधाला शेपटी आपली वाटेना. दर चार पावलांना ती वळायची आणि उजेड मोजायची. पाच. पाच. करवंदीच्या जाळीपाशी वाट फुटते तिथे वळली तर चार.

कस्तुरीनं तोंडातली दोरी टाकली. "आई, केवडा?"

"तुम्ही जाळीत शिरा. पाट्या पालथ्या घाला. एकमेकांच्या शेपट्या धरा आणि हू की चू करू नका."

तिनं नाक जमिनीला लावलं. डोळ्यांवर तिचा कधीच भरवसा नव्हता, पण केवड्याचा वास तिला पुरातही लागला असता. वास डावीकडे वळला होता. डावीकडे दवण्याच्या पाटीपेक्षा कितीतरी मोठा, छान निळा उजेड होता. पुढच्याच्या उजेडामागे जा, असं आईनं सांगितलं होतं. पोरगं सगळ्यात मोठ्या उजेडामागे गेलं होतं.

तो उजेड समितीच्या ढोलीतल्या कार्यालयातून येत होता.

सुगंधा ढोलीच्या तोंडाशी पोहोचली. आत समितीची बैठक चालू होती. वाघाटीबाई देखरेखपाटीत एका मांजराला दोरीच्या गुंड्यामागे धावताना बघत होत्या. धामणकर बेडूक कसा पकडावा याचं प्रात्यक्षिक बघत होते. त्यांच्याच वेटोळ्यावर एक बेडूक बसून तेच बघत होता आणि अधूनमधून मान हलवत होता. मधोमध दिवाभीतराव. आणि त्यांच्या पंखाखाली, चोचीपासून वीतभर अंतरावर, केवडा.

"कोण आहे रे?" दिवाभीतराव पाटीतून नजर न काढता म्हणाले.

"मी केवडा."

"बघायला आलास?"

"हो."

"मग गप बस. माझं भाषण चाललंय."

सुगंधा आत शिरली. वाघाटीबाईंच्या पंजाला तिचा धक्का लागला. बाईंनी पंजा बाजूला घेतला. धामणकरांच्या वेटोळ्यावरून तर तिला चढूनच जावं लागलं. त्या दोन मिनिटांत तिनं जितके देव आठवले, तितके त्या रानात नव्हते.

"केवड्या, दोरी सोड. शेपटी धर."

"पण आई, नियम..."

"दोरी सोड!"

शेपटीला ओढ बसली. सुगंधा वळली आणि चालू लागली.

"जाताना पाटी ठेवून जा," मागून दिवाभीतरावांचा आवाज आला. "एकीवर भाषण लावतो, एकीवर टाळ्या."

ती रात्रभर जागी होती. पण उजाडल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण बऱ्याच दिवसांनी घाबरलेलो नाही.

पुढच्या पालकसभेत ती पुन्हा उभी राहिली. घोरपडे सरांनी कपाळाला हात लावला.

"समितीवर देखरेखीचा फार ताण आहे," सुगंधा म्हणाली. "एकेका पाटीवर त्यांचं कसं भागणार? आम्ही पालक आमच्या पोरांच्या सगळ्या पाट्या समितीला, मंत्रिमंडळाला आणि राजेसाहेबांना अर्पण करतो. प्रत्येकाला निदान वीस याव्यात."

"वेड लागलं का गं?" खारवहिनी कुजबुजली. "टिल्लू दात कसे घासणार?"

सुगंधा तिच्या कानाला लागली. खारवहिनी शेतउंदरिणीच्या कानाला लागली. शेतउंदरिणीनंच सगळ्यात आधी हात वर केला. ठराव एकमतानं झाला. त्यागाबद्दल साळुंक्यांनी टाळ्या वाजवल्या. राजेसाहेब हसले, पण पाटीत बघून. तरी नोंद झाली.

शाळा पुन्हा वाळूत काडीनं गिरवायला लागली. घोरपडे सर दोन दिवस नुसते वाळूकडे बघत राहिले, मग त्यांना शिकवायचं कसं ते आठवलं. संध्याकाळी शाळा सुटली की सुगंधा पुढे आणि मागे पाच पोरं, शेपटीला नेहमीची ओढ. ढोलीच्या दारावरून गेलं तरी आतून फक्त टाळ्यांचा आवाज येतो.

यथावकाश निवडणुका आल्या. एकही सभा झाली नाही, कारण उमेदवार कुणी ढोलीबाहेर आलेच नाहीत. तरी मतदारांनी नीट विचार करून त्या सगळ्यांना प्रचंड बहुमतानं पुन्हा निवडून दिलं. नवे आणले, तर ते पहिले काही दिवस तरी मान वर करून रानाकडे बघतात.